कॅम्परव्हॅन गॅरेजात, सुट्टी चालू: पाच दिवस छोट्या गाडीने कुठे जावं?

भटका_मुलुंडकर

मंडळी, मदत हवीये आणि लवकर हवीये.

आमची व्हॅन (मिनीबसचं कन्व्हर्शन, मागच्या धाग्यात फोटो टाकलेले) घेऊन सहकुटुंब कच्छला निघालो होतो. मुलुंडहून पहाटे पाचला निघालो आणि सव्वासहाला गायमुखच्या चढावर आमची यात्रा संपली, म्हणजे घोडबंदरसुद्धा पार नाही झालं!! पुढे कंटेनर बंद पडलेला, पाऊण तास हाफ क्लचवर इंच इंच सरकत होतो, मग तो वास आला (ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल), आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय पण गाडी जागची हलत नाही. क्लच गेला. टो करून कुर्ल्याच्या एका गॅरेजात नेली. गिअरबॉक्स खाली उतरवलाय, प्रेशर प्लेट आमच्या साइजची स्टॉकमध्ये नाही, "शुक्रवारपर्यंत करून देतो साहेब". यातला शुक्रवार कुठला ते विचारायचं राहिलं.

आता परिस्थिती अशी की ऑफिसची रजा मंजूर, मुलीची (सातवी) दिवाळीची सुट्टी अजून आठवडाभर आहे, सासूबाई नाशिकहून खास कच्छ बघायला आलेल्या, बायको बोलत नाहीये. दारात २०१२ ची हॅचबॅक आहे. आज नवमी, परवा एकादशीला निघून पाच दिवसांत परत, असं कुठे जाता येईल? सीनरी हवी, हॉटेल-रिसॉर्ट टाईप नको. की घरीच बसून गॅरेजवाल्याच्या मागे लागू?

लोकल_७_४२

गायमुख हेच मुळात पर्यटनस्थळ आहे. पाऊण तासात तुम्ही जेवढी सीनरी बघितली तेवढी आम्हाला दोन मिनिटांत उरकावी लागते.

डिझेलदादा

सीनरी नंतर. आधी हे वाच.

१२० लिटरची पाण्याची टाकी भरून निघाला होतास ना? ते झाले १२० किलो. मागच्या धाग्यात दोन ट्युब्युलर बॅटऱ्या दिसल्या, त्या मिळून शंभराच्या वर. छपरावर एसी, प्लायचे ओटे, गॅस, सासूबाई (दिवे घ्या, गंमत आहे). आरसीवर जीव्हीडब्ल्यू (सगळं भरून गाडीचं जास्तीत जास्त वजन) लिहिलेलं असतं, एकदा सगळं भरून वजनकाट्यावर घाल गाडी आणि ताडून बघ. निम्म्या लोकांनी हे कधी केलेलंच नसतं. क्लच ट्रॅफिकने जळला हे खरं, पण पाऊण तासात जळला तो वजनाने. पाणी मुक्कामाच्या अलीकडे भरायचं, मुलुंडहून वाहून न्यायचं नाही.

आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर दोन गोष्टी सांगून ये. एक, क्लच प्लेटवर ऑइल दिसतंय का बघ, दिसलं तर इंजिनचं मागचं ऑइल सील गळतंय. ते आत्ताच बदलायचं, पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट असते. दोन, फ्लायव्हील लेथवर फेस करून (घासून सपाट करून) घे, निळे डाग पडले असतील. रिलीज बेअरिंग नवीनच टाक. जुनं सगळं सामान परत माग. नुसतं बघायला नको, घरी घेऊन ये.

भटका_मुलुंडकर

दादा _/\_ उद्या सकाळी कुर्ल्याला जाऊन हे सगळं सांगतो. सासूबाईंचं वजन मी त्यांना विचारणार नाही.

वरणभात

गाडी गॅरेजात देताना गॅस सिलिंडर काढलात का?? आमच्या ओळखीत एकांनी आतच ठेवला होता आणि खाली वेल्डिंग चालू. काही झालं नाही, पण ते ऐकूनच पोटात गोळा आला. सिलिंडर काढा, वापरलेल्या पाण्याची टाकी रिकामी करा (पाच दिवसांत असा वास मारते की क्लचचा वास परवडला), बॅटरीचा मेन स्विच बंद करा, फ्रीजचं दार फळी लावून उघडं ठेवा. किलोमीटर रीडिंगचा फोटोही काढून ठेवा.

भटका_मुलुंडकर

अरे देवा. फ्रीजमध्ये बाकरवडी, चकल्या आणि दोन किलो श्रीखंड आहे.

लोकल_७_४२

होतं.

खाडीपलीकडे

मुलुंडकर, उत्तर सोपं आहे, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला, तासाभरात पलीकडे. मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड. आगरदांड्याहून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून परत जेटीने वेश्वी, तिथून केळशी, आंजर्ले, हर्णे. एका ट्रिपमध्ये तीन वेळा गाडी बोटीत चढते, मुलगी खूष. आणि मोठी व्हॅन घेऊन तुम्ही हा रस्ता कधीच केला नसता, हे मी लिहून देतो.

रिकामटेकडा

मुलुंडहून भाऊचा धक्का म्हणजे उलटी गंगा. ऐरोली पूल, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग. सरळ रस्ता. रो-रो दक्षिण मुंबईवाल्यांची चैन आहे.

खाडीपलीकडे

चैन तर चैन. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तुझ्या त्या सरळ रस्त्यावर अजून एक क्लच जळेल. ईस्टर्न फ्रीवे पकडला की सकाळी सहाला मुलुंडहून धक्का किती लांब? शिवाय रो-रोत वेळ वाचतो म्हणून कोणी बसत नाही रे, डेकवर चहा घेऊन उभं राहिलं की मागे मुंबई लहान लहान होत जाते त्यासाठी बसतात.

रिकामटेकडा

कवी जागा झाला.

आजोबा_गिरगाव

भाऊच्या धक्क्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचे वडील सांगायचे, कोकणात जायचं म्हणजे बोटच. रस्ता हा शब्दच नव्हता. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट इथूनच रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. गटारी अमावस्या होती, सणाला घरी निघालेले सगळे. वडिलांचे एक चुलते त्या दिवशी उशीर झाला म्हणून चुकले. ते पुढे आयुष्यभर कुठेही जाताना मुद्दाम दहा मिनिटं उशिरा निघायचे. आत्ताची रो-रो मोठी, मजबूत आहे, २०२० पासून चालू आहे, मीही दोनदा गेलोय. पण मांडवा जवळ आलं की डावीकडे बघतोच.

लोकल_७_४२

आजोबा, नमस्कार. विनोद करणार होतो, राहू दे.

कुंपणावरची

एक विचारू? राग मानू नका. लाखो रुपये घालून चाकांवरचं घर बांधायचं आणि ते बंद पडल्यावर "आता कुठे जाऊ" म्हणून धागा काढायचा. लाल डब्यात बसून सगळा महाराष्ट्र फिरलेली माणसं आहेत इथे.

भटका_मुलुंडकर

ताई, राग नाही. व्हॅन घेतली त्याचं खरं कारण टॉयलेट. बायकोची एकच अट होती, हायवेवरच्या पेट्रोलपंपावर किल्ली मागायला मी जाणार नाही. आता हॅचबॅकने जायचं तर तोच प्रश्न परत उभा आहे आणि सासूबाई ६८ च्या आहेत.

वरणभात

कुंपणावरची, या बाबतीत मी मुलुंडकरांच्या मिसेसच्या बाजूने. लाल डब्यात फिरलेल्या बायका काय काय सोसून फिरल्यात ते त्या धागा काढून सांगत नाहीत एवढंच.

मुलुंडकर, किनाऱ्याने गेलात तर प्रश्न सोपा आहे. टप्पे लहान आहेत, दीड-दोन तासाला गाव येतं, घरगुती खाणावळीत जेवायला थांबलं की "मावशी जरा आत जाऊ का" म्हणायचं, आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही मला. जेवण तिथेच करायचं मात्र, नुसतं आत जाऊन पुढे सुटायचं नाही.

कुंपणावरची

मान्य. मागे घेते. लाखो रुपयांचं मागे घेत नाही.

रिकामटेकडा

मला तर वाटतं कुठे जाऊच नका. मेकॅनिकच्या डोक्यावर बसल्याशिवाय काम होत नाही. तुम्ही केळशीला आणि तुमच्या गाडीचा जॅक दुसऱ्याच्या गाडीखाली.

डिझेलदादा

प्रेशर प्लेट यायचीच आहे, डोक्यावर बसून काय अंडं घालणार? दिवसातून एक फोन, संध्याकाळी सहाला, आणि एक फोटो मागायचा. जा तू मुलुंडकर.

सोसायटी_सेक्रेटरी

थोडं अवांतर. तुमची व्हॅन सोसायटीत पार्क कुठे करता? आमच्याकडे एकाने अशी गाडी आणली, जनरल बॉडीत दोन तास तोच विषय. गेटवरच्या लोखंडी कमानीत एसी अडकला, कमान वाकली, आता कमानीचा खर्च कोणी द्यायचा यावर तिसरी मीटिंग.

भटका_मुलुंडकर

आम्ही भांडुपला एका गोडाऊनच्या आवारात भाड्याने ठेवतो. सोसायटीने "निवासी वापराचे वाहन असल्याने मेंटेनन्स लागू होईल का" असं लेखी विचारलं होतं. गंमत नाही, पत्र आहे माझ्याकडे.

लोकल_७_४२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). चार चाकांना चार बेडरूमचा मेंटेनन्स.

जांभादगड

मी दापोली तालुक्यातला, नोकरी ठाण्यात. खाडीपलीकडे यांनी रूट बरोबर दिलाय, पण तीन गोष्टी.

१. मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याचं, एक आमचं हर्णेजवळचं, महर्षी कर्व्यांचं. खोली बुक करताना बघा, दरवर्षी दिवाळीत कोणीतरी रात्री नऊला फोन करतं की आम्ही मुरुडला पोचलोय, तुमचं घर दिसत नाही. वेळासही दोन आहेत. एक दिवेआगरजवळ, एक बाणकोटजवळचं, नाना फडणवीसांचं. कासवं या दुसऱ्या वेळासला, आणि तीही आत्ता नाहीत, पिल्लं फेब्रुवारी-मार्चकडे बाहेर पडतात. तिथे जाऊन "कासवं कुठेत" विचारू नका.

२. गाडी वाळूत घालू नका. पुळणीवर गाडी फिरवायची आणि रुतली की गावातल्या पोरांना हाका मारायच्या. ट्रॅक्टरवाले तेवढ्यावर घर चालवतात हे मान्य, पण तरी.

३. पौर्णिमा जवळ आहे, म्हणजे उधाण. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्रालगतच्या खडकांवरून आहे, ती ओहोटीतच करायची. भरतीला त्या पायऱ्यांखाली जाऊन माणसं गेली आहेत, दरवर्षी पाटी वाचून न वाचल्यासारखं करणारे असतात.

खाडीपलीकडे

जांभादगडना मोदक (म्हणजे शाबासकी). भरतीचा हिशोब सांगतो, अ‍ॅप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे १२ ची पाऊणपट ९, सकाळी नऊला आणि रात्री साधारण साडेनऊला भरती, मधे तीन-सव्वातीनला ओहोटी. अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. घरात कालनिर्णय असलं की झालं.

सोसायटी_सेक्रेटरी

वाखुसा (वाचनखूण साठवली). पंचवीस वर्षं अलिबागला जातोय, हे कोणी सांगितलं नव्हतं.

रिकामटेकडा

पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) मिळेल का आत्ता अलिबागकडे? मग मीही येतो.

खाडीपलीकडे

शेंगा भरायच्यात अजून. डिसेंबर संपताना ये. आणि भांबुर्ड्याचा पाला तू उपटायचा, मागच्या वेळी नुसता खायला होतास.

भटका_मुलुंडकर

ठरलं. सकाळची रो-रो बुक केली. बायको बोलली, म्हणजे "गाडीत उशी घे" एवढं बोलली. गॅरेजात जाऊन आलो, सिलिंडर काढला, टाकी रिकामी केली, डिझेलदादांची लिस्ट वाचून दाखवली. मेकॅनिकने विचारलं, "साहेब तुम्ही पण लाईनमधलेच का?" मी हो म्हणालो. श्रीखंड गेलं. चकल्या वाचल्या.

वरणभात

शुभ प्रवास! खाऱ्या हवेत सासूबाईंना टोपी द्या, कान झाकणारी.

लोकल_७_४२

(सहा दिवसांनी) हा माणूस परत आला की कंटेनरच्या मागे आहे अजून?

डिझेलदादा

सीलचं काय झालं ते मलाही ऐकायचंय.

भटका_मुलुंडकर

आलो आलो, काल रात्री पोचलो. सविस्तर लिहितोय, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली स्क्रोल करा.

पहिल्या दिवशी रो-रोत सासूबाईंनी डेकवर उभं राहून पूर्ण तासभर मुंबईकडे पाठ केली. म्हणाल्या, मुंबई काय बघायची, पुढे काय आहे ते बघते. खाडीपलीकडे, तुमची कविता वाया गेली. रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला थांबलो. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव आहे, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज मिसळलेली वेगळीच भाषा बोलतात, ते तिला नोलिंग म्हणतात, आमची भाषा. एक आजी मासे निवडत शेजारणीशी बोलत होत्या, मला एक शब्द कळला नाही, आणि मग आमच्याकडे वळून चक्क अलिबागचा हेल काढून म्हणाल्या, "पानी पायजे काय?" मुलीने मुंबईत कधी भाषेचं एवढं कुतूहल दाखवलं नव्हतं, पुढचे दोन तास गाडीत स्वतःची नवी भाषा बनवत होती.

जंजिरा शिडाच्या होडीतून केला. गर्दी भयंकर. कलाल बांगडी तोफेवर एक गृहस्थ स्वतःचा फोटो काढायला चढले होते, त्यांच्या बायकोने त्यांना खाली उतरवताना जे शब्द वापरले ते सिद्दीनेही ऐकले नसतील.

दुसऱ्या दिवशी आगरदांडा-दिघी. हॅचबॅक जेटीवर चढवताना मागचा बंपर घासला, ओहोटी होती त्यामुळे रॅम्पचा उतार जास्त होता. तिथला पोरगा म्हणाला, "काका, तिरकी घ्या, तिरकी." व्हॅन असती तर मागचा अख्खा ओव्हरहँग (मागच्या चाकांपलीकडचा भाग) तिथेच ठेवून आलो असतो. संध्याकाळी दिवेआगरला पोचलो तर ज्यांच्याकडे उतरणार त्या घरी तुळशीचं लग्न! द्वादशी होती हे माझ्या डोक्यातच नव्हतं, सासूबाईंच्या होतं. अंगणात शेणाने सारवलेलं, वृंदावनाला ऊस बांधलेले, खाली चिंचा-आवळे, वाडीतल्या पोफळीचा शिपोटा असावा तो कमानीला. भटजी तीन घरं करून येणार होते म्हणून उशीर, मंगलाष्टकं म्हणायला कोणी नाही. आमच्या सासूबाई उठल्या. नाशिकच्या शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलंय त्यांनी. पाच मंगलाष्टकं एका दमात, आवाज असा की शेजारच्या दोन वाड्यांतून माणसं बघायला आली. अंतरपाट धरायला माझी मुलगी आणि घरातला एक नातू, दोघांत उंचीचा फरक वीतभर, त्यामुळे अंतरपाट तिरका. नंतर चुरमुरे आणि उसाचे करवे वाटले. घरच्या काकू मग सासूबाईंना सोडेनात, रात्री अकरापर्यंत दोघी पडवीत.

आजोबा_गिरगाव

हे वाचून डोळे भरले. लिहीत राहा.

कुंपणावरची

कच्छच्या तंबूत हे मिळालं नसतं. मी काही म्हणत नाहीये, नुसतं नोंदवतेय.

भटका_मुलुंडकर

पुढे. दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून गेलो. हा रस्ता! डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला, म्हणजे अक्षरशः कठड्याच्या पलीकडे, समुद्र. मधे काहीच नाही, ना हॉटेल ना टपरी. एका वळणावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं. खाली काळे खडक, लाट आत शिरते आणि खडकांच्या फटीतून पाणी परत जाताना खळखळ असा आवाज येतो, कोणीतरी गोट्यांची पिशवी हलवतंय असा. अर्ध्या तासात दोन मोटरसायकली आणि एक एसटी. बायको म्हणाली, इथे व्हॅन लावून दोन दिवस राहता आलं असतं. मी रस्त्याच्या कडेकडे बघितलं, गाडी लावायला जागा हॅचबॅकपुरतीच होती. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस राहून काय करणार होतीस, बघून झालं की पुढे जायचं.

रिकामटेकडा

१९९३ चं आरडीएक्स याच शेखाडीला उतरवलेलं ना?

खाडीपलीकडे

हो, तिथेच. मुंबईच्या माणसाला शेखाडी म्हटलं की तेवढंच आठवतं, म्हणूनच रस्ता रिकामा राहिला असेल.

भटका_मुलुंडकर

खरंय, मला तिथे उभं असताना आठवलं आणि मी बोललो नाही.

हरिहरेश्वरला साडेदहाला पोचलो, त्रयोदशी, १३ ची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे भरती नुकतीच कलायला लागलेली. मी सगळ्यांना तुमचा हिशोब ऐटीत सांगितला. तिथल्या पुजाऱ्यांनीही तेच सांगितलं, दुपारी तीननंतर या. थांबलो. चारला खाली उतरलो तेव्हा कळलं की सकाळी जिथे पाणी आपटत होतं तिथून आपण चालतोय. खडकात मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीयत, हात लावला की खरखरीत मिठाचा थर बोटांना लागतो. या थांबण्यात बागमांडल्याला उशीर झाला, वेश्वीला उतरलो तेव्हा काळोख, आणि केळशीला पोचलो रात्री.

आता जांभादगडसाठी. केळशीतल्या गल्ल्या! दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), त्यावर शेवाळ, वर नारळी-पोफळी. हॅचबॅकचे आरसे मिटवून जात होतो. एका ठिकाणी समोरून रिक्षा आली, मी मागे घेतली, मग खाली उतरून मधे उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरले. दोन्ही बाजूंच्या गडग्यांना बोटं टेकायला अर्धा हात कमी पडला. व्हॅन आरशांशिवायच दोन मीटर आहे.

जांभादगड

ते गडगे आमच्या पणजोबांच्या काळी बैलगाडीच्या मापाने घातलेत. रुंद करा म्हणून मागणी दर ग्रामसभेत येते, आणि दरवेळी ज्याचा गडगा त्याचा विरोध. माझाही आहे. वाळूची टेकडी बघितलीत का?

भटका_मुलुंडकर

बघितली, सकाळी. नंतर आडे-पाडले करत आंजर्ले, कड्यावरचा गणपती, आणि दुपारी हर्ण्याचा लिलाव. सासूबाई शुद्ध शाकाहारी, नाकाला पदर लावून उभ्या होत्या, पण लिलाव शेवटपर्यंत बघितला, आणि परत येताना मला म्हणतात कशा, "त्या लाल साडीवालीने ती मोठी पाटी फार स्वस्तात नेली हो." समोर सुवर्णदुर्ग.

परतीला दापोली, मंडणगड, आंबेत करून लोणेरेला हायवे. वाटेत गोरेगावची पाटी दिसली आणि मुलगी मागून ओरडली, "एवढ्यात गोरेगाव?" रायगडातलं गोरेगाव. त्यानंतर खऱ्या गोरेगावच्या बाजूने यायला किती तास लागले ते विचारू नका.

लोकल_७_४२

मग कच्छ कॅन्सल की पोस्टपोन?

भटका_मुलुंडकर

पोस्टपोन. पण बायको आता म्हणतेय की पुढच्या वेळी व्हॅन दापोलीच्या आसपास कुठेतरी मोकळ्यावर लावायची, आणि तिथून हॅचबॅकसारखं काहीतरी छोटं घेऊन फिरायचं. म्हणजे आता दोन गाड्या न्यायच्या. डिझेलदादा, टोइंग हुक बसवता येतो का?

डिझेलदादा

तुझा क्लच पाण्याच्या टाकीने गेला आणि तू मागे अजून एक गाडी बांधायची म्हणतोस. तिथे स्कूटर भाड्याने घे. आणि मूळ मुद्दा, सील?

भटका_मुलुंडकर

तुमचं खरं निघालं. तिसऱ्या दिवशी सहाच्या फोनला त्याने फोटो पाठवला, प्लेटवर ऑइल होतं. सील बदललं, फ्लायव्हील फेस केलं, बेअरिंग नवीन. त्यामुळे शुक्रवारचा मंगळवार झाला. गाडी अजून जॅकवर आहे पण सामान सगळं आलंय, मी डोळ्यांनी बघून आलो.

रिकामटेकडा

मी म्हटलं होतं डोक्यावर बसा.

डिझेलदादा

जुनं सामान आणलंस?

भटका_मुलुंडकर

आणलं. सील आणि बेअरिंग डिकीत पिशवीत आहे. प्लेट मात्र सासूबाईंनी मागून घेतली, घासून धुतली, आणि गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीखाली ठेवलीय. म्हणाल्या, पाणी झिरपायला मधे भोक बरोबर आहे.